गरम झाली की बसणारी गाडी

बुधवार, १७ एप्रिल १९५७

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, भर पिरंगुटच्या बाजारात, मला माझ्याच गाडीत बसवून ढकलण्यात आलं. वेळ मी मुद्दाम मनगटावरच्या घड्याळात पाहून ठेवली. सगळी नोकरी इस्पितळात गेली, शेवटची वर्षं मेट्रन म्हणून. काहीही झालं तरी आधी वेळ टिपायची आणि मग हळहळायचं, ही सवय आता मोडणार नाही.

गाडी आज सकाळीच पुण्यातल्या जयसिंगरावांच्या गॅरेजातून ताब्यात घेतली होती. ‘एकदम नव्यासारखी केली बाईसाहेब,’ असं तो गृहस्थ पानाने लडबडलेल्या तोंडाने म्हणाला. घाट ओलांडून पिरंगुटला आलो. गवार घ्यायची म्हणून मी उतरले. माझा ड्रायव्हर कोंडाजी याने शिस्तीप्रमाणे इंजिन बंद केलं आणि लगेच बॉनेटवर खाकी कव्हर चढवलं. (हे कव्हर गाडी गॅरेजात असताना मी स्वतः शिवलं आहे. जाड कॅनव्हास, दुहेरी शिवण, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथांनी हातावर पट्ट्या मारून शिवण शिकवलं, ते वाया गेलेलं नाही. रस्त्यावरची धूळ, कोंबड्या, कावळे, यांपासून इंजिन राखायचं तर ते झाकलंच पाहिजे. हत्यारांचा ट्रे उघडा ठेवणाऱ्या नर्सला मी कधी वॉर्डात टिकू दिलं नाही.)

गवार घेऊन परत आले. कोंडाजीने कव्हर काढून घडी घातली, सेल्फ मारला. नुसती घरघर. पुन्हा मारला. पुन्हा घरघर, आणि पेट्रोलचा असा उग्र दर्प की डोकं उठलं. मग तो हँडल घेऊन खाली उतरला आणि घामाने निथळेपर्यंत फिरवत राहिला. तोवर अख्खा बाजार जमला. मिश्रीने काळे झालेले दात, विड्यांचा धूर, मडगार्डवर पंज्यांचे ठसे. एक जण टायरवर तंबाखू थुंकला. माझ्या देखत! आणि मग कोणीतरी ओरडलं, “ढकला रं म्हातारीला!” सगळे हसले. मला ढकलण्यात आलं. पुलाजवळ गाडीने एक आचका दिला आणि सुरू झाली.

शी! घरी येऊन दोनदा हात धुतले, तरी तो थुंकलेला टायर डोळ्यांपुढून जात नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या अपमानाचं काय, तो मी गिळेन. पण शेजारच्या गोजराबाईंची जया मेअखेर बाळंत होणार आहे. पहिल्या खेपेला सासरी झाली. मूल गेलं, आणि मागून जे रक्त सुटलं त्यात तीही जवळजवळ गेलीच होती. या वेळी तिला पुण्याच्या इस्पितळात नेण्याचा शब्द मी गोजराबाईंना दिला आहे. ‘वेळ आली की दाराशी माझी गाडी उभी असेल,’ असं मीच, याच तोंडाने, चार बायकांत सांगितलं.

गुरुवार, १८ एप्रिल

सकाळी कोंडाजीने सेल्फला नुसता हात लावला आणि गाडी सुरू झाली. गरीब गायीसारखी. जणू काल काही घडलंच नाही. असल्या साळसूदपणाची मला रुग्णांतही चीड होती: रात्रभर कण्हायचं आणि डॉक्टर आले की हसायचं.

जयाला पाहायला गेले. पायांना थोडी सूज आहे. खायला प्यायला नीट सांगितलं. गोजराबाई अंगणात मिरच्या वाळवत बसल्या होत्या. पिरंगुटची बातमी माझ्याआधी पोचली होती.

“बाई, तुमची मोटार सकाळी पळतीया आन् उन्हाची बसतीया म्हनं?”

“गॅरेजवाल्याने हलगर्जीपणा केला आहे.”

“आमचा बैल बी असाच व्हता. इकला आमी.”

जया पदरात तोंड खुपसून हसत होती. तिला हसताना मी या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं, एवढ्यासाठी उत्तर दिलं नाही.

सोमवार, २२ एप्रिल

जयसिंगरावांकडे. बसायला दिलेल्या खुर्चीला काळं ग्रीस. मी उभीच राहिले. भिंतीवर पिचकाऱ्यांची नक्षी, कोपऱ्यात कपबशा, त्यांत बुडालेल्या विड्यांची थोटकं. या जागी लोक आपल्या गाड्या विश्वासाने सोडून जातात!

गाडी तापलेलीच आणली होती, मुद्दाम. त्यांनी बॉनेट उघडून ठेवलं, आत तोंड घालून बराच वेळ ठोकाठोक केली, मधे चहा झाला, मधे कोणाचं तरी लग्न ठरल्याची चर्चा झाली. मग सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू!

“बघा बाईसाहेब. काही नाही हो गाडीला.”

“मग पिरंगुटला काय झालं होतं?”

“ड्रायव्हर काही चुकत असेल.”

कोंडाजी बाजूलाच होता. लढाईत त्याने ब्रह्मदेशात लष्करी लॉऱ्या चालवल्या. त्याचे कान लाल झाले. मी जयसिंगरावांना म्हटलं, “तुम्ही जन्माला आला नव्हता, तेव्हापासून तो गाड्या चालवतो आहे.” हे खरं नाही, पण म्हटलं.

तरी प्लग बदलून घेतले. परत येताना भूगावला पाणी प्यायला थांबलो. कव्हर घातलं, पाणी प्यायलो, कव्हर काढलं. गाडी बसली. या वेळी ढकलायला एक कीर्तनकार आणि त्यांचे टाळकरी होते. ढकलताना भजन म्हणत होते. मी खिडकीची काच वर केली.

शनिवार, २७ एप्रिल

दुसऱ्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. रोगाचं निदान करायचं तर निरीक्षण हवं. वहीच्या मागे तक्ता आखला आहे, तापाचा आखतात तसा: गाडी किती चालली, किती थांबली, पुढे काय झालं.

गार गाडी: प्रत्येक वेळी सुरू. गरम गाडी, रस्त्यावर थांबलेली: प्रत्येक वेळी बंद. थंड व्हायला तासभर लागतो, मग पुन्हा साळसूद.

आज अंगणात प्रयोग केला. कव्हर धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं. खालचं इंजिन मला सारखं पाहायचंच होतं, म्हणून बॉनेट उघडंच ठेवलं. कोंडाजीला इंजिन अर्धा तास चालवायला सांगितलं. लोखंडावर पाण्याचा थेंब टाकला तर चर्रर्र होईल इतकं तापवलं. बंद केलं, दहा मिनिटं थांबलो, सेल्फ मारला.

सुरू! तीनदा केलं, तीनदा सुरू.

म्हणजे घरी बंद पडत नाही, गॅरेजात पडत नाही, फक्त रस्त्यावर, लोकांपुढे पडते. यावरून मी काय समजायचं? गाडीला लाज आणायची हौस आहे असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

कोंडाजीने मात्र निदान केलं आहे. “बाई, आपुन घाटात वाघजाईला थांबत न्हाई. समद्या गाड्या थांबत्यात. ती आपल्याला फुडं गेल्यावर आडवतीया.” मी त्याला म्हटलं की देवीला माझ्या गाडीपेक्षा महत्त्वाची कामं असतील. “व्हय बाई,” म्हणाला. संध्याकाळी बंपरला लिंबू आणि मिरच्या बांधलेल्या दिसल्या. चिकट, त्यावर माशा. चिमट्याने काढून टाकल्या. चिमटा उकळून घेतला.

शनिवार, ४ मे

पुन्हा गॅरेज. आज जयसिंगरावांनी कॉइल बदलली. मला त्यांच्या कामाची खात्री नाही असं मी स्पष्ट सांगितलं तेव्हा ते पान तोंडात एका बाजूला सारून म्हणाले, “बाईसाहेब, उन्हाळा आहे. इंजिनच्या उष्णतेने पेट्रोल तापतं, त्याची वाफ होते, ती नळीत अडकून बसते. मग पेट्रोल पुढे जात नाही. पावसाळा आला की आपोआप ठीक होईल.”

“पावसाळा येईपर्यंत बाळंत व्हायचं थांबता येत असतं तर तुमच्याकडे आलेच नसते.”

“कोण बाळंत होतंय?” म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! मी एकसष्ट वर्षांची आहे.

पण वाफेचं बोलणं अगदी टाकाऊ नाही. येताना विचार केला. उष्णता हा दोष असेल तर इंजिनला ऊन लागू देता कामा नये. आजवर कोंडाजी कव्हर सावकाश, विडी काढून मग घालत होता. तेवढा वेळ पत्र्यावर ऊन पडत राहतं. आता गाडी थांबली की पहिलं काम कव्हर, आणि ते एकेरी नाही. घडी घालून दुहेरी. चारही बाजूंनी खाली खोचून. सूर्याचा किरण आत जाता कामा नये.

तक्त्यात ‘उपचार’ असा नवीन रकाना घातला.

मंगळवार, ७ मे

उपचाराचा काही उपयोग नाही. उलट प्रकृती जास्त. पौडला पोस्टात थांबले होते. पूर्वी तासाभरात सुरू व्हायची, आज दीड तास लागला. जयसिंगरावांनी कॉइल जुनीच घातली असणार. माझी खात्रीच आहे.

शनिवार, ११ मे

आज संताप आवरला नाही.

जयाला पाहायला गेले तर ओसरीवर नाही. आतल्या खोलीत! ती खोली म्हणजे बिनखिडकीची कोठी समजा. आहे ती एक झरोक्याएवढी खिडकी, तीही पोत्याने बंद. आत धान्याच्या कणग्या, अंधार, धूर, आणि मेच्या उन्हात त्या मुलीच्या अंगावर गोधडी. कपाळावरून घाम ओघळतोय. कोंदट, आंबूस वास. इतकी वर्षं मी इस्पितळात हजारो बायकांना सांगत आले की बाळंतिणीला हवा हवी, उजेड हवा, आणि इथे माझ्या कुंपणापलीकडे हे!

पोतं मी स्वतः ओढून काढलं. गोजराबाई दारात उभ्या राहिल्या.

“वारं लागंल तिला.”

“लागू दे! वारा लागल्याने कोणी मरत नाही. कोंडल्याने मरतं. अंगात उष्णता कोंडून राहते, जीव गुदमरतो, ताप चढतो. जिवंत माणसाला श्वास घ्यायला जागा नको?”

“बाई, आमाला खिडकी उघडाया सांगताय. आन् तुमी सोता त्या मोटारीला भर उन्हात गोधडी घालून बसवताय. तिला न्हाई व्हय जीव गुदमरत? आदी तिची खिडकी उघडा की.”

कणगीआडून जया खुदकन हसली. यंत्र आणि बाईमाणूस यांतला फरक ज्यांना सांगावा लागतो त्यांच्याशी वाद घालण्यात काही राम नसतो. पण पोतं परत लावू दिलं नाही. संध्याकाळी पुन्हा डोकावून आले. जया झोपली होती, अंग कोरडं, तोंडावर जरा तेज. गोजराबाई म्हणाल्या, “आज जेवली पोटभर.” हे तरी कबूल केलं.

गुरुवार, १६ मे

इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते.

मला भीती वाटते. माझ्या हाताखाली बायका गेलेल्या आहेत. रक्त सुटलं की किती कमी वेळ असतो ते मला माहीत आहे. इस्पितळात दोन डॉक्टर आणि रक्ताच्या बाटल्या असतात. इथे एक मी, एक पेटी, आणि एक गाडी, जी तापली की हलत नाही.

सकाळी गोजराबाईंना सुचवलं की जयाला आताच पुण्याला नेऊन ठेवू, माझ्या ओळखीच्या घरी. त्यांनी सरळ नाही म्हटलं. “पोर बाळंतपनाला म्हायेरी आलीया. परक्याच्या घरी ठेवायची मग म्हायेर कशापायी? तुमी शबूद दिलाय की. गाडी हाय की.” तोंडावर म्हणाल्या आणि पुन्हा मिरच्या निवडायला लागल्या. त्यांनी मला टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आहे.

एस.टी. सकाळी एक, संध्याकाळी एक. बैलगाडीने पुणं म्हणजे अख्खा दिवस. दुसरा मार्ग नाही. कोंडाजीला ताकीद दिली आहे: जया गाडीत बसली की इस्पितळाच्या दारापर्यंत गाडी कुठेही बंद करायची नाही. काहीही झालं तरी.

गुरुवार, २३ मे

कव्हर धुतलं, स्टार्च केलं, इस्त्री केली. पेटीतली कात्री, दोरा, कापूस उकळून घेतले. बस.

शनिवार, २५ मे. पुणे

माझ्या मावसबहिणीच्या घरी बसून लिहिते आहे. उजवा हात मनगटापासून दुखतोय, अक्षर वाकडं येईल.

काल दुपारी जेवणं उरकली होती, तेवढ्यात गोजराबाई कुंपणावरूनच ओरडल्या. जयाच्या कळा सकाळपासून येत होत्या. सकाळपासून! ‘पोटात दुखतंय’ म्हणून ओव्याचं पाणी देत बसल्या होत्या. बोलायला वेळ नव्हता. मागच्या सीटवर जया, तिचं डोकं गोजराबाईंच्या मांडीवर, पायाशी मी. कोंडाजीने गाडी सोडली.

पिरंगुट मागे पडलं. घाट चढताना इंजिन आगीसारखं तापलेलं, पत्र्यातून पायांना झळ लागत होती. आणि वाघजाईच्या वळणापाशी जया ओरडली. मी पाहिलं. डोकं दिसत होतं.

आता धक्के खात जाणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, “कोंडाजी, थांबव.”

“बाई, बंद करू?”

“कर!” म्हणाले, आणि म्हणतानाच मनात आलं, आता ही सुरू होणार नाही.

अंथरायला काय? चादर बाळासाठी राखलेली. पुढच्या सीटवर कव्हर होतं, कालच धुतलेलं, इस्त्रीचं. साऱ्या तालुक्यात त्याच्याइतकं स्वच्छ मोठं कापड नसेल. तेच ओढलं आणि जयाखाली घातलं.

कोंडाजी दार उघडून बाहेर पडला होता, पण जाणार कुठे? एका बाजूला दरड, एका बाजूला उतार, झाड एक नाही. बायकांच्या अशा वेळी पुरुषाने गाडीसमोर उभं राहायचं म्हणजे काचेतून सगळं दिसणार. तो गडबडला. मग त्याने बॉनेटच वर उचललं, पूर्ण, काठीने टेकवून ठेवलं, आणि त्याच्या पलीकडे रस्त्यावर पाठ करून बसला. बॉनेटचा पडदा! एरवी मी हसले असते. घाटात वारा सुटला होता, पदर उडत होते. त्या उघड्या इंजिनात किती धूळ गेली असेल, या कल्पनेनेसुद्धा अंगावर शहारा येतो. पण त्या क्षणी मला त्याची फुरसत नव्हती.

गोजराबाई सारख्या म्हणत होत्या, “जये, दम धर. जये, माझे बाय.” बाकी कुठला आवाज नाही. मधे एक धनगर शेळ्या घेऊन वळणावर आला. कोंडाजीने ओरडून त्याला हाकललं, “मागं फिर, मागं फिर! हितं बाळंतपन चाललंय!” तो शेळ्यांसकट मागे पळाला.

अर्ध्या तासाने मुलगी झाली. निळसर होती. पाठीवर चोळलं, तोंड पुसलं, आणि ती रडली. गोजराबाई रडल्या. मी रडले नाही. मी घड्याळ पाहिलं: दोन वाजून पाच मिनिटं.

मग वार पडली. आणि मी ज्याला भीत होते ते रक्त सुटलं.

मी पोटावर मूठ दाबून धरली. खाकी कॅनव्हास काळं पडत चाललं. जयाचे ओठ पांढरे. ती म्हणाली, “बाई, मला गार वाटतंय,” आणि त्या उन्हात ते ऐकून माझ्या पाठीचा कणा थिजला. मी ओरडले, “कोंडाजी! चल!”

त्याने बॉनेट खाली आपटलं, आत येऊन बसला. त्याचा हात सेल्फजवळ थांबला. आरशात माझ्याकडे बघत होता. आम्हा दोघांनाही माहीत होतं. इथून ढकलायला कोणी नाही, आणि तोंड चढाकडे.

“मार!”

त्याने सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली.

पहिल्या झटक्याला. घरघर नाही, आचका नाही, वास नाही. अशी सुरू झाली की जणू रात्रभर अंगणात विसावली होती. कोंडाजी मोठ्याने काहीतरी बोलला, देवीचं नाव असावं. मग खिंड, भुकूम, भूगाव, बावधनचा चढ, कोथरूड. मी मूठ काढली नाही. इस्पितळाच्या दारात दोन नर्सांनी माझी बोटं उलगडली.

जया वाचली. आज सकाळी चहा मागितला तिने. चहा बेचव होता, आणि कपाला कोणाच्या तरी लिपस्टिकचा डाग होता. मी तो परत पाठवला आणि स्वयंपाकघरात जाऊन काय ते सांगून आले.

गुरुवार, ३० मे

भऱ्याला, घरी परत. येताना भूगावला, पिरंगुटला, मुद्दाम दोन्ही ठिकाणी थांबले. गरम गाडी, दोन्ही वेळा पहिल्या झटक्यात सुरू. शुक्रवारपासून एकदाही बसलेली नाही. तक्त्यात सात वेळा ‘सुरू’ लिहिलं आहे. मला आनंद व्हायला हवा. मला संशय येतो आहे.

कोंडाजीचं नवं खूळ: गाडी थांबली की बॉनेट उघडायचं, पूर्ण वर करायचं, आणि हात जोडायचे. म्हणतो, “देवीनं तवा बघितलं बाई. उघडं केलं तवाच पावली. आता झाकायचं न्हाई.” बाजारात, सगळ्या धुळीत, आ वासलेलं बॉनेट! भजनी टोळीही इतकी किळसवाणी वाटली नव्हती. मी सक्त मनाई केली. “व्हय बाई,” म्हणाला. त्याचं ‘व्हय बाई’ मी ओळखते.

कव्हर परत मागायला गोजराबाईंकडे गेले. त्यांनी ते धुऊन, कापून, चार दुपटी केली आहेत. माझी आद्याक्षरं असलेला कोपरा बाळाच्या डोक्याखाली.

“गोजराबाई, ते माझं कव्हर आहे!”

“व्हतं. लेकराला झेलल्यालं कापड पुन्यांदा मोटारीवर घालत न्हाईत, बाई.”

“कोणी सांगितलं?”

“मी सांगतीया.”

आणि त्या मुलीचं नाव काय ठेवणार म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, तुमचंच ठेवायचं व्हतं, पर कुमुदिनी म्हनताना जीभ वळत न्हाई, तवा आमी मोटारीच म्हनतोय. मोटारी! एका जिवंत मुलीचं नाव! मी म्हटलं, मी हे खपवून घेणार नाही. गोजराबाई म्हणाल्या, “बसा, पेढा खावा.” पेढ्याला तुपाचा जुनाट वास होता. दोन खाल्ले.

सोमवार, ३ जून

गावातला नथू पुण्याला जातो, त्याच्याबरोबर नवं कॅनव्हास मागवलं आहे. या वेळी आत कांबळ्याचं अस्तर लावणार, म्हणजे उन्हाचा प्रश्नच मिटेल. शिवून व्हायला पंधरवडा लागेल. आजच गावातल्या सगुणाबाई येऊन गेल्या. त्यांच्या सुनेलाही आषाढात पुण्याला न्यायचं आहे. ‘जयाला नेली तशी,’ म्हणाल्या. मी हो म्हटलं. शब्द दिला आहे.

पण त्याआधी एक हिशेब पुरा केला पाहिजे. गाडी आपोआप बरी होत नाही. कोणीतरी तिला हात लावला आहे. जया इस्पितळात असताना गाडी दोन दिवस पुण्यात उभी होती, तेव्हा जयसिंगराव कोंडाजीशी बोलताना दिसले होते. आपली चूक चोरून दुरुस्त करायची, आणि वर ‘दोष नव्हताच’ म्हणायचं, हा प्रकार मी वॉर्डात पुष्कळ पाहिला आहे. आणि त्या शुक्रवारी घाटात ती सुरू झाली, त्याचं उत्तरही मला हवं आहे. त्या आधीच्या दुरुस्तीला मी काहीही श्रेय देणार नाही. पण त्या दुपारी ती सुरू का झाली, हे मला कळलंच पाहिजे. माझ्या हाताखाली एक मुलगी होती. मी नशिबावर चालत नाही.

उद्याच्या टपालाचं पत्र इथे लिहून ठेवते:

श्री. जयसिंगराव यांस,

माझी गाडी सतरा एप्रिलपासून तापल्यावर सुरू होत नव्हती, हे तुम्हांस ठाऊक आहे. चोवीस मे रोजी दुपारपासून ती तापूनही बिनतक्रार सुरू होते. तुम्ही वा तुमच्या माणसांनी तिच्यात काय केलं, कधी केलं, आणि माझी परवानगी न घेता का केलं? काहीच केलं नसल्यास ती सुरू का होते, याचा सकारण खुलासा करावा. ‘उन्हाळा आहे’ हा खुलासा नाही. आजही उन्हाळाच आहे. ड्रायव्हरवर ढकलणं हा तर खुलासा नाहीच. त्या दुपारी तो पाठ करून रस्त्यावर बसला होता.

तुमचं उत्तर लेखी, सहीनिशी, आणि पानाचे डाग नसलेल्या कागदावर, शनिवार, दिनांक १५ जून १९५७, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती पोचलं पाहिजे. तोंडी निरोप स्वीकारला जाणार नाही.

कुमुदिनी दिघे